मनू, त्या थ्रेडची वाट कोण बघतंय?

मनू, फोनवर बोलताना आई शेजारीच होती, म्हणून सगळं सांगता आलं नाही. आता निवांत सांगते. तुमची ती मीटर रीडिंग गोळा करणारी सर्व्हिस दर तीन दिवसांनी मान टाकते, आणि त्यावर तुमच्या टीमने तोडगा काय काढला, तर दर दोन दिवसांनी पहाटे आपणच ती रीस्टार्ट करायची! सीनियर म्हणाला, "चालतंय ना? मग हात लावू नकोस." तू प्रोबेशनवर, त्यामुळे मान डोलावलीस. ठीकच केलंस. पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांशी वाद घालणारी पोरगी कुणालाच नको असते, मला माहीत आहे गं. पण ते तुला खटकलंय, हे मला तुझ्या आवाजावरूनच कळलं. खटकलंय तर त्याच्या मुळाशी जा. हे असलं काम एकदा नीट समजून घेतलंस ना, की पुढची कितीतरी वर्षं पुरतं.

आधी एक मनातून काढून टाक: मेमरी कमी पडते म्हणून सर्व्हिस पडत नाहीये. तूच म्हणालीस की निम्म्याहून जास्त रॅम मोकळी असते. लॉगमध्ये शेवटी "रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल" येतं, म्हणून सीनियरला वाटतं, युजरमागे थ्रेड्सची जी कमाल मर्यादा असते ती यूलिमिटने वाढवली की झालं. वाढवू दे त्याला. माझा अंदाज खरा असेल तर काडीचाही फरक पडणार नाही.

पीथ्रेड क्रिएट हे फंक्शन अडलं की ईअगेन हा कोड परत देतं. युजरची मर्यादा संपली तरी ईअगेन, कंटेनरला दिलेला पिड्सचा कोटा संपला तरी ईअगेन. आणि स्टॅकसाठी जागा मागितल्यावर कर्नलने "ईनोमेम", म्हणजे मेमरी नाही, असं स्पष्ट सांगितलं, तरी लिनक्सवरची नेहमीची लायब्ररी, म्हणजे जीलिबसी, त्याचा ईअगेन करूनच तुझ्या हातात ठेवते. पॉझिक्सच्या नियमाप्रमाणे आहे ते, पण माणूस पार चुकीच्या दाराशी जाऊन उभा राहतो. (आणखी एक. ही फंक्शनं एररचा कोड परत देतात, एररनोमध्ये ठेवत नाहीत. तुमच्या कोडमध्ये त्यानंतर पीएरर वापरलंय का बघ. वापरलं असेल तर लॉगमधल्या त्या ओळीवरही फार विसंबू नकोस.)

आता नवीन थ्रेड मागितल्यावर आत काय होतं ते बघ. कॉलेजात "थ्रेड म्हणजे लाइटवेट प्रोसेस" एवढं पाठ करून आपण परीक्षा दिल्या. खरं म्हणजे थ्रेडची नोंद दोन ठिकाणी होते. एक कर्नलकडे: त्याचा नंबर, शेड्यूलरला लागणारी माहिती, आणि कर्नलच्या आत शिरल्यावर वापरायचा छोटा स्टॅक; एक्स86च्या 64 बिट मशीनवर तो 16 केबीचा असतो. दुसरी नोंद लायब्ररीकडे, तुझ्याच प्रोसेसच्या मेमरीत: तुझ्या फंक्शन्सचा स्टॅक, थ्रेडपुरती खासगी व्हेरिएबल्स, आणि त्या थ्रेडची सगळी माहिती ठेवणारा एक डिस्क्रिप्टर. कर्नलला या दुसऱ्या नोंदीचं काही पडलेलं नसतं. ती लायब्ररीने सांभाळायची, आणि लायब्ररी ती तुझ्या सांगण्यावरून सांभाळते.

पीथ्रेड क्रिएट म्हटलंस की लायब्ररी आधी स्टॅकची सोय बघते. किती मोठा हवा हे तू सांगितलं नाहीस तर प्रोग्राम सुरू होताना स्टॅकची जी मर्यादा होती तीच धरते, आणि ती बहुतेक लिनक्सवर 8 एमबी असते. आधी संपलेल्या थ्रेडचा एखादा पुरेसा मोठा स्टॅक तिने राखून ठेवला असेल तर तोच देते, नसेल तर एमएमॅपने कर्नलकडून नवीन पट्टा मागून घेते. त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला डिस्क्रिप्टर आणि खासगी व्हेरिएबल्स बसवते, आणि मग क्लोन हा सिस्टीम कॉल करते, तेव्हा कुठे कर्नलच्या बाजूचा थ्रेड जन्माला येतो. तू जे पीथ्रेड टी नावाचं व्हेरिएबल जपून ठेवतेस ना, ते जीलिबसीत दुसरं काही नसून त्या डिस्क्रिप्टरचा पत्ताच असतो. म्हणून जॉइन झाल्यावर ते पुन्हा वापरायचं नाही. तोच पत्ता एव्हाना दुसऱ्याच थ्रेडला मिळालेला असू शकतो.

"8 एमबी प्रत्येकाला? मग हजार थ्रेडला 8 जीबी?" असं तू विचारशीलच. ते 8 एमबी म्हणजे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल. जागा धरली, बसलं कुणी नाही. थ्रेड जेवढ्या भागाला खरोखर हात लावेल तेवढीच 4 केबीची पानं रॅममध्ये येतात. म्हणून टॉपमध्ये व्हर्टचा आकडा डोळे पांढरे करणारा असतो आणि रेसचा त्या मानाने किरकोळ. 32 बिटच्या जमान्यात मात्र गाडीच लहान होती. प्रोसेसच्या वाट्याला पत्त्यांची जागाच साधारण 3 जीबी, तिला 8 एमबीने भागलं की 380च्या आसपास थ्रेड झाले की संपलं, मग रॅम कितीही मोकळी असो. आता 64 बिटवर पत्त्यांना तोटा नाही, म्हणून लोक निर्धास्त झालेत. पण रुमाल मोजणारा एक जण अजून आहे. त्याच्याकडे येतेच.

त्याआधी गार्ड पेज. प्रत्येक स्टॅकच्या खालच्या टोकाला लायब्ररी एक पान असं ठेवते की त्याला हात लावला की प्रोग्राम तिथेच सेगफॉल्टने कोसळावा. रिकर्शन हाताबाहेर गेलं तर शेजारच्या थ्रेडचा स्टॅक नकळत खराब होण्यापेक्षा हे कधीही बरं. तुम्ही पुढेमागे अल्पाइनच्या कंटेनरवर जाणार आहात म्हणालीस ना? तिथे जीलिबसी नसते, मसल असते, आणि तिचा ठरलेला स्टॅक फक्त 128 केबीचा. एखाद्या फंक्शनमध्ये कुणी दोनशे केबीचा लोकल अ‍ॅरे घेतला असेल तर इथे सुखाने चालणारा कोड तिकडे गेल्या गेल्या झोपेल. पीथ्रेड अ‍ॅट्रमध्ये स्टॅकचा आकार आपणच सांगून टाकायचा. 8 एमबीही नको आणि 128 केबीही नको.

आता तुमचं दुखणं. थ्रेडचं फंक्शन संपलं की तो संपला, असं वाटतं ना? कर्नलकडची नोंद खरंच पुसली जाते. पीएसमध्ये तो दिसत नाही, युजरच्या मर्यादेतही मोजला जात नाही. म्हणूनच तर यूलिमिट वाढवून उपयोग नाही म्हटलं. पण थ्रेड मुळात जॉइनेबल जन्माला येतो. म्हणजे तू पीथ्रेड जॉइन करून त्याने काय उत्तर आणलं ते विचारशील, असं लायब्ररी गृहीत धरते. ते उत्तर डिस्क्रिप्टरमध्ये, डिस्क्रिप्टर स्टॅकच्या टोकाला, म्हणून अख्खा पट्टा ती राखून बसते. रॅममधली वापरात नसलेली पानं ती कर्नलला परत देते, तेवढी शहाणी आहे ती, पण धरलेली जागा सोडत नाही. प्रवासी कधीच उतरून गेला आणि रुमाल तसाच.

तुमच्या कोडमध्ये प्रत्येक मीटरच्या जोडणीला एक नवीन थ्रेड, बरोबर? आणि जॉइन कुठेही नाही, हे तू वाचून दाखवलेल्या तुकड्यावरूनच कळलं. मांड गणित. एका प्रोसेसला मेमरीचे किती वेगवेगळे पट्टे ठेवता येतील याची कर्नलची एक मर्यादा आहे, मॅक्स मॅप काउंट. तीच रुमाल मोजते. सहसा ती 65,530 असते. नेहमीच्या मांडणीत एका थ्रेडचे दोन पट्टे होतात, एक स्टॅकचा आणि एक गार्ड पेजचा. म्हणजे न विचारलेले साधारण 32,700 थ्रेड साचले की पुढचा एमएमॅप अडणार. दर आठ सेकंदांना एक मीटर बोलतं म्हणालीस. दिवसाचे झाले 10,800, तीन दिवसांचे 32,400. तिसरा दिवस संपता संपता सर्व्हिस का पडते, आलं लक्षात? आणि पडण्याआधी व्हर्टचा आकडा अडीचशे जीबीच्या घरात गेलेला असेल. उद्या बघच.

यावर दोनच रस्ते. त्या थ्रेडच्या उत्तराची ज्याला गरज असेल त्याने जॉइन करायचं, एकदाच. दोघांनी केलं तर काय होईल याची शाश्वती नाही. गरज नसेल तर जन्माच्या वेळीच किंवा नंतर पीथ्रेड डिटॅच करून सांगून टाकायचं, की बाई गं, याची वाट कुणी बघणार नाही, संपला की तूच आवरून घे.

इथे मला या लायब्ररीचं फार कौतुक वाटतं, म्हणून जरा थांबते. डिटॅच केलेला थ्रेड आपला स्टॅक परत कसा करणार? आवरायचं काम करणारं फंक्शनही त्याच स्टॅकवर चाललेलं असतं. स्टॅक आधी सोडला तर पुढची सूचना चालवायला पायाखाली काही उरत नाही. मग जीलिबसी काय करते? थ्रेड जिवंत असतानाच त्याचा स्टॅक "मोकळे" म्हणून राखलेल्या यादीत टाकते. पण त्या यादीतला स्टॅक दुसऱ्याला देण्याआधी डिस्क्रिप्टरमधला एक आकडा तपासते: थ्रेडचा कर्नलने दिलेला नंबर. क्लोन करतानाच लायब्ररीने कर्नलला सांगून ठेवलेलं असतं, की हा खरोखर गेला की या पत्त्यावरचा आकडा तूच शून्य कर. थ्रेडचा शेवटचा श्वास कर्नलच्या आत जातो, तिथे त्याला हा स्टॅक लागत नाही, आणि तिथून कर्नल तो आकडा पुसतो. शून्य दिसलं की स्टॅक खरंच मोकळा. जॉइन करणाराही याच आकड्यावर फ्यूटेक्स ही कर्नलची सोय लावून झोपलेला असतो. आकडा पुसताना कर्नल त्याला उठवतो. एका आकड्यावर दोन्ही कामं. असे मोकळे स्टॅक लायब्ररी साधारण 40 एमबीपर्यंत जवळ ठेवते, त्यापुढचे कर्नलला परत करते.

पूर्वी हे इतकं सुटसुटीत नव्हतं. 1996च्या सुमारास झेवियर लरुआ यांनी लिनक्सथ्रेड्स ही लायब्ररी लिहिली, तेच ओकॅमलवाले. तेव्हा कर्नलला थ्रेड म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं, म्हणून प्रत्येक थ्रेड ही जवळपास स्वतंत्र प्रोसेसच असायची; गेटपिड विचारलं तर प्रत्येक थ्रेड वेगळंच उत्तर द्यायचा. आवराआवर करायला एक खास मॅनेजर थ्रेड ठेवावा लागे. नवीन थ्रेड हवा की त्याला पाइपमधून निरोप, एखादा मेला की त्याला सिग्नल, सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. (आपल्या ऑफिसांत असा एक जण असतोच.) मग रेड हॅटच्या उलरिख ड्रेपर आणि इंगो मोल्नार यांनी एनपीटीएल ही नवी लायब्ररी आणली, आणि 2003 पासून तीच रुळली. फ्यूटेक्स आणि तो आकडा पुसण्याची सोय कर्नलमध्येच आल्यामुळे मॅनेजरची नोकरी गेली. चाचणीत एक लाख थ्रेड दोन सेकंदांत सुरू झाले. आधीच्या कर्नलवर त्याला पंधरा मिनिटं लागली असती.

आता तू उत्साहाने सगळीकडे डिटॅच लावत सुटशील, म्हणून आधीच सांगते. डिटॅच केलेला थ्रेड कधी संपला हे तुला कळणार नाही. मेन फंक्शन परतलं की प्रोसेस संपते, आणि त्या क्षणी एखादा थ्रेड डेटाबेसमध्ये अर्धं रीडिंग लिहीत असेल तर ते अर्धंच राहतं. शिवाय थ्रेडला काय पॉइंटर दिलास ते बघ. अ‍ॅक्सेप्टच्या लूपमधल्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता दिला असेल तर पुढच्या फेरीत तिथे दुसऱ्याच मीटरचा सॉकेट असेल. हे महिनाभर बिनबोभाट चालतं आणि नेमकं डेमोच्या दिवशी तोंडघशी पाडतं. सी प्लस प्लसवाल्यांनी 2011च्या स्टँडर्डमध्ये कडक नियम केला: थ्रेडचं ऑब्जेक्ट जॉइन किंवा डिटॅच न करता नष्ट झालं तर प्रोग्रामच बंद. लोकांनी नावं ठेवली, मला तो आवडतो. 2020 साली जेथ्रेड आला, तो आपणहून जॉइन करतो. सीमध्ये असं कुणी दटावत नाही.

थ्रेड संपल्यावर आणखी काय काय मागे राहतं, तेही ऐकून ठेव. त्याने उघडलेली फाइल, सॉकेट, मॅलॉकने घेतलेली मेमरी, धरलेलं म्युटेक्स, यांतलं काहीही लायब्ररी सोडवत नाही. ते प्रोसेसच्या मालकीचं असतं आणि प्रोसेस संपेपर्यंत राहतं. म्युटेक्स धरून थ्रेड गेला की बाकीचे त्या दाराशी जन्मभर उभे. म्हणून अडकलेला थ्रेड मारायला कुणी पीथ्रेड कॅन्सल सुचवलं तर हसून विषय बदल. त्याच्याबरोबर क्लीनअप हँडलर लावता येतात, पण ते प्रत्येक ठिकाणी नीट लावलेला कोड मी फार कमी पाहिलाय. त्यापेक्षा एक फ्लॅग ठेवावा, रीडवर टाइमआउट लावावा आणि थ्रेडला आपल्या पायांनी बाहेर येऊ द्यावं.

तुझ्या सर्व्हिसला खरं तर जोडणीमागे थ्रेड हवाच कशाला? आठ सेकंदांना एक मीटर म्हणजे आठ-दहा थ्रेडचा पूल भरपूर झाला. सुरुवातीला बनवायचे, रांगेतून कामं घ्यायची, बंद होताना रांग मिटवून सगळ्यांना जॉइन करायचं. रांगेची लांबी मात्र ठरवून टाक, नाहीतर थ्रेड साचायचे थांबतील आणि कामं साचायला लागतील. तो तुझा मित्र "गो वापरा" म्हणतो, त्याचंही खोटं नाही. तिथे गोरूटीनचा स्टॅक 2 केबीपासून सुरू होतो आणि हजारो गोरूटीन मोजक्या कर्नल थ्रेड्सवर आळीपाळीने चालतात. जावानेही 2023 साली 21व्या आवृत्तीत व्हर्च्युअल थ्रेड असेच आणले. गंमत म्हणजे हीच कल्पना सोलारिसने वापरून सोडली होती, आणि लिनक्ससाठी आयबीएमने त्याच वाटेची लायब्ररी केली होती, ती एनपीटीएलपुढे मागे पडली. कपाटातल्या जुन्या साड्यांसारखं यांचंही फिरून येत असतं. पण तीन दिवसांनी पडणारी सर्व्हिस दुरुस्त करायला भाषा बदलायची गरज नसते.

आता ऑफिसचं. सरळ मीटिंगमध्ये "तुमचं चुकलंय" म्हणून उभी राहू नकोस. आधी आकडे गोळा कर. प्रॉकमध्ये त्या प्रोसेसच्या फोल्डरात स्टेटस नावाची फाइल आहे, तिच्यात थ्रेड्सची ओळ बघ, वीस-पंचवीस असतील. मग त्याच फोल्डरातल्या मॅप्स फाइलीच्या ओळी मोज. त्या हजारोंनी निघाल्या आणि दर तासाला साधारण नऊशेंनी वाढल्या, तर समज पकडलं. सकाळ-संध्याकाळची नोंद एका साध्या तक्त्यात ठेव. मग टेस्ट सर्व्हरवर डिटॅचची एक ओळ घालून त्याच ओळी पुन्हा मोज. दोन्ही तक्ते सीनियरला एकट्याला गाठून दाखव, चहाच्या वेळी, सगळ्यांदेखत नाही. थ्रेड पूलचं मोठं काम नंतर, ही एक ओळ आधी. रीस्टार्टचा क्रॉन लगेच काढू नका म्हणावं, आधी टेस्ट सर्व्हरवर आठवडा जाऊ दे. काढाल तेव्हा मात्र सुट्टीच्या आदल्या दिवशी नको. आणि तो म्हणाला, की मॅक्स मॅप काउंटच वाढवू या की, तर त्याला एवढंच विचार: दुप्पट केला तर किती दिवस मिळतील? सहा. भागाकार त्यालाच करू दे.